जिवाणूची वीज तोडणारी गोळी आणि घाटातला पावसाळा

बहुऔषधप्रतिरोधी क्षयरोगाचे उपचार आता सहा महिन्यांवर आले आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘बीपाल्म’ या उपचारपद्धतीला मंजुरी दिली. बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही चार औषधे, सगळी तोंडाने घ्यायची, एकही इंजेक्शन नाही. त्याआधी हेच उपचार नऊ-अकरा महिने आणि अनेक रुग्णांत अठरा-वीस महिने चालत. रोजच्या इंजेक्शनांमुळे कान गेलेले रुग्ण अजूनही ओपीडीत भेटतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टीबी-प्रॅक्टिकल’ चाचणीत नव्या पद्धतीने ८९ टक्के रुग्णांचा निकाल चांगला आला, जुन्या पद्धतीने ५२ टक्के. क्षयरोगाच्या क्षेत्रात एवढा फरक दिसण्याची सवय कोणालाच नव्हती.

बातमी चांगली आहे यात शंका नाही. पण या चौघांपैकी पहिले औषध, बेडाक्विलिन, वेगळ्या स्वभावाचे आहे. ते ज्या रीतीने जिवाणूला मारते आणि ज्या रीतीने शरीरात रेंगाळते, त्यावरून ते किती वर्षे कामाला येईल हे ठरणार आहे. आणि त्याचा निकाल दिल्लीत लागणार नाही, महाड-पोलादपूरसारख्या तालुक्यांत लागेल.

महाड तालुक्यातले तळीये हे नाव राज्याला २२ जुलै २०२१ रोजी कळले. दुपारी चारच्या सुमारास कोंढाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी कोसळल्या. सावित्रीच्या पुराने महाड शहर पाण्याखाली होते, वीज आणि मोबाइल बंद होते, रस्ते जागोजागी तुटले होते. मदतपथकांना तळीयेत पोहोचायलाच बराच वेळ लागला. वाचलेल्या कुटुंबांना पुढे दीर्घ काळ कंटेनरच्या घरांत काढावा लागला. क्षयरोगाच्या लेखात दरडीचे काय काम, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो त्या गोळीच्या रेणूपर्यंत जातो. त्यासाठी आधी जिवाणू श्वास कसा घेतो ते पाहावे लागेल.

क्षयाचा जिवाणू प्राणवायूवर जगणारा आहे. माणसाला जे फुप्फुस करते ते काम त्याच्याकडे त्याचे पातळ पटल करते. या पटलात प्रथिनांची एक रांग बसलेली असते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन या रांगेतून हातोहात पुढे सरकतात, जशी विहिरीवरच्या माणसांच्या रांगेतून घागर सरकते. शेवटच्या प्रथिनाशी पोहोचलेला इलेक्ट्रॉन प्राणवायूला दिला जातो आणि पाणी तयार होते. या प्रवासात जी ऊर्जा सुटते तिच्यावर ही प्रथिने प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनचे धन कण पटलाबाहेर ढकलतात. बाहेर प्रोटॉन साठतात, आत कमी होतात. मग ते परत आत येण्यासाठी एकच सोयीची वाट असते, ती एका फिरत्या चक्रातून. चक्र फिरले की एटीपी हे पेशीचे इंधन तयार होते.

रायगडकरांना याचे चित्र डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही. घाटमाथ्यावर मुळशीला अडवलेले पाणी खाली भिऱ्याला सोडले जाते आणि तिथली टर्बाइन फिरून वीज होते. जिवाणूच्या पटलात तेच घडते, फक्त पाण्याऐवजी प्रोटॉन आणि शेकडो मीटरच्या जागी मिलिमीटरचाही लाखावा भाग. ही कल्पना ब्रिटनच्या पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली तेव्हा फार जणांना ती पटली नव्हती. १९७८ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

कल्पना पटणे आणि यंत्र डोळ्यांनी दिसणे यांत मात्र बरेच अंतर होते. प्रथिनाची रचना पाहायची तर त्याचे स्फटिक करावे लागतात. खडीसाखरेच्या खड्यात साखरेचे रेणू जसे ओळीने बसतात तसे प्रथिनाचे कोट्यवधी रेणू एकाच दिशेने बसले, की त्यावर क्ष-किरण सोडून उमटलेल्या ठिपक्यांवरून एकेका अणूची जागा काढता येते. पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनांचे स्फटिक होत असत. पटलातली प्रथिने तेलकट असतात. ती पाण्यात सोडली की गोळा होऊन बसतात. त्यांचे स्फटिक होणारच नाहीत असे मानले जाई. जर्मनीतील हार्टमुट मिशेल यांनी साबणासारख्या रसायनांत ती नीट धरून ठेवण्याची युक्ती साधली, आणि योहान डायझेनहोफर व रॉबर्ट हुबर यांच्यासह १९८५ मध्ये एका जांभळ्या जिवाणूच्या प्रकाशसंश्लेषण केंद्राची रचना मांडली. इलेक्ट्रॉन एका रंगद्रव्यावरून दुसऱ्यावर कसा उडी मारतो, ते अंतर किती, वाट कोणती, हे पहिल्यांदाच दिसले. तिघांना १९८८ चे नोबेल मिळाले. पुढे फ्रँकफुर्टच्या माक्स प्लांक संस्थेत मिशेल यांच्या गटाने १९९५ मध्ये दुसऱ्या एका जिवाणूच्या सायटोक्रोम ऑक्सिडेजची, म्हणजे इलेक्ट्रॉन प्राणवायूला देणाऱ्या शेवटच्या प्रथिनाची, स्फटिकरचना दिली. त्याच्या पोटात लोह आणि तांबे होते. लोह धरणारा ‘हीम’ हा भाग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या हीमचाच भाऊबंद.

या सगळ्यात क्षयाचा विचार कुठेच नव्हता. औषध आले ते दुसऱ्याच दाराने. बेल्जियममध्ये कोएन आंद्रीस आणि सहकाऱ्यांनी असंख्य रसायने क्षयाच्या एका निरुपद्रवी चुलतभावावर, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर, टाकून पाहिली. एक रसायन प्रभावी निघाले. ते नेमके कशावर वार करते हे मात्र माहीत नव्हते. त्याला न जुमानणारे जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्या जनुकांत काय बदलले ते शोधले, तेव्हा बदल सापडला तो एटीपीच्या चक्रातल्या एका छोट्या प्रथिनात. २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले आणि २०१२ च्या डिसेंबरअखेर अमेरिकेत बेडाक्विलिनला मान्यता मिळाली. लक्ष्य कोणते हे प्रतिरोधी जिवाणूनेच सांगितले, हा या कथेतला बोलका भाग आहे. प्रतिकार कसा होऊ शकतो हे औषध बाजारात येण्याआधी सात वर्षे ठाऊक होते.

२०१५ मध्ये फ्रँकफुर्टच्याच संस्थेतून थॉमस मायर यांच्या गटाने त्या चक्राची बेडाक्विलिनसह स्फटिकरचना प्रसिद्ध केली. नऊ सारख्या तुकड्यांचे कडे, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे प्रोटॉन चिकटायचा नेमक्या त्याच खाचेत औषध पाचरीसारखे बसलेले. चक्र अडते, एटीपी थांबते. जिवाणू लगेच मरत नाही, साठवलेल्या इंधनावर काही दिवस तग धरतो. म्हणून या औषधाचा परिणाम पहिल्या आठवड्यात फारसा दिसत नाही. रुग्ण चार दिवसांनी ‘काही फरक नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

मग इलेक्ट्रॉनच्या रांगेतल्या बाकीच्या प्रथिनांवरही वार करता येईल का? प्रयत्न चालू आहेत. क्षयाच्या जिवाणूत रांगेच्या शेवटी दोन फाटे फुटतात. मुख्य रस्ता मोठा आणि किफायतशीर, त्याची रचना २०१८ मध्ये चीन आणि स्वीडनमधील गटांनी स्मेग्मॅटिसमध्ये पाहिली. आता त्यासाठी स्फटिकाचीही गरज राहिलेली नाही. प्रथिन क्षणात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसरा फाटा ‘सायटोक्रोम बीडी’चा, कमी ऊर्जा देणारा पण अडचणीत कामी येणारा. त्याची क्षयाच्या जिवाणूतली रचना २०२१ मध्ये फ्रँकफुर्टहूनच आली. टेलासेबेक नावाचे नवे औषध मुख्य रस्ता बंद करते. तेवढ्याने जिवाणूची वाढ थांबते पण तो सहजी मरत नाही, आडरस्त्याने जात राहतो. वरंध घाट बंद झाला की गाड्या ताम्हिणीने वळवतात, त्यातलाच प्रकार.

कुष्ठरोगाच्या जिवाणूकडे हा आडरस्ताच नाही. उत्क्रांतीच्या ओघात त्याने अर्धीअधिक जनुके गमावली, त्यांत हाही फाटा गेला. उंदरांवरील प्रयोगांत टेलासेबेकने कुष्ठाच्या जिवाणूवर जोरदार परिणाम दाखवला आहे. माणसांत त्याची परीक्षा व्हायची आहे, पण कोकणात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही निघत असताना या संशोधनाकडे लक्ष ठेवायला हवे.

कुष्ठरोगाचा विषय निघाला म्हणून एका जुन्या औषधाची आठवण. क्लोफाझिमिन. १९५० च्या दशकात डब्लिनमध्ये व्हिन्सेंट बॅरी यांच्या गटाने ते क्षयासाठी शोधले, क्षयात ते त्या वेळी मागे पडले आणि कुष्ठरोगात स्थिरावले. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचाराच्या पाकिटात ते गावोगाव गेले. कातडी तांबूस-काळपट करणारी गोळी म्हणून जुन्या आरोग्यसेवकांना ती पक्की लक्षात आहे. रंग येतो कारण रेणू स्वतःच रंगद्रव्य आहे, आणि तो याच इलेक्ट्रॉनच्या रांगेत शिरून मधल्यामधे इलेक्ट्रॉन पळवतो, असे आता मानले जाते. गेल्या काही वर्षांत प्रतिरोधी क्षयासाठी ते पुन्हा बाहेर काढले गेले.

आणि इथे अडचण सुरू होते. औषध चक्रात कुठे बसते हे पाहून वाटेल की जिवाणू त्या खाचेचा आकार बदलून सुटेल. प्रयोगशाळेत तो तसेच करतो. रुग्णांच्या शरीरात मात्र बहुतेक वेळा तो खाचेला हातच लावत नाही. त्याच्या पटलात नको असलेले पदार्थ बाहेर फेकणारा एक पंप असतो. त्या पंपावर लगाम ठेवणारे जनुक बिघडले की पंप जोरात चालू लागतो आणि बेडाक्विलिन बाहेर फेकले जाते. हाच पंप क्लोफाझिमिनही बाहेर टाकतो. म्हणजे एका औषधाशी झालेला सामना दुसऱ्यालाही निकामी करू शकतो. इतकी देखणी रचना हाती असूनही दवाखान्यातला प्रतिकार तिला वळसा घालून येतो, हे रचनाशास्त्राच्या चाहत्यांना थोडे खट्टू करणारे आहे.

व्यवहारात याचा अर्थ काय? तालुक्याच्या ठिकाणी थुंकीची तपासणी ट्रूनॅट यंत्रावर होते. गोव्यातील मोलबायो कंपनीचे हे छोटे यंत्र विजेची खात्री नसलेल्या ठिकाणीही चालते आणि क्षय आहे का व रिफाम्पिसिन लागू पडेल का, हे काही तासांत सांगते. बेडाक्विलिन लागू पडेल का, हे ते सांगत नाही. त्यासाठी जिवाणू वाढवून पाहावे लागतात किंवा त्यांची जनुके वाचावी लागतात, आणि ती सोय मोजक्या मोठ्या प्रयोगशाळांत आहे. नमुना तिथे जाऊन निकाल यायला आठवडे लागतात. तोवर उपचार सुरू झालेले असतात. सुरू करायलाच हवेत, थांबणे धोक्याचे. पण निकाल आल्यावर तो खरोखर रुग्णाच्या कागदावर चढतो का, हे पाहणारे कोणीतरी लागते.

याहून मोठा धोका आहे खंड पडण्याचा. चारपैकी लिनेझोलिडचे रक्तातले प्रमाण सुमारे पाच तासांत निम्मे होते, मॉक्सिफ्लॉक्सासिनचे बारा तासांच्या आसपास, प्रीटोमॅनिडचे सोळा-सतरा तासांत. बेडाक्विलिन चरबीत आणि ऊतींमध्ये मुरते, शेवटच्या टप्प्यात त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे साडेपाच महिने लागतात. रुग्णाने सगळ्या गोळ्या एकदम थांबवल्या, तर चार दिवसांत तिघे शरीरातून जवळजवळ निघून गेलेले असतात. बेडाक्विलिन एकटे, हळूहळू कमी होत, महिनोन्‌महिने तिथेच राहते. जिवाणू मरायला पुरत नाही आणि त्याला पंप जोरात चालवायला शिकवायला पुरते, अशा प्रमाणात. क्षयरोगात एकटे औषध वापरले की काय होते हे १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनने दाखवून दिले होते. आधी सुधारणा, मग प्रतिकार. बेडाक्विलिनच्या बाबतीत ‘एकटे औषध’ देण्यासाठी चुकीची चिठ्ठी लिहिण्याचीही गरज नाही. रुग्ण मधेच थांबला की ते आपोआप घडते.

महाड आणि पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला कामाला जातात. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ जण राहतात. आजार तिथे लागतो, निदान अनेकदा तिथेच होते, आणि अंगात काम करायची ताकद राहिली नाही की माणूस गावी परततो. मुंबईतल्या केंद्राने ‘निक्षय’ पोर्टलवर त्याची नोंद महाडकडे वर्ग करायची, महाडच्या क्षयरोग पथकाने ती उचलायची, गोळ्या आरोग्य उपकेंद्रापर्यंत आणायच्या आणि आशा स्वयंसेविकेने वाडीत पोहोचवायच्या. या साखळीतली प्रत्येक कडी माणसाची आहे. आणि साखळीचा शेवटचा भाग जून ते सप्टेंबर पावसात असतो. वरंध घाटाची वाहतूक पावसाळ्यात बंद ठेवावी लागते. आंबेनळीत दरडी येतात. २०२१ सारखे वर्ष दर वर्षी येत नाही, पण दोन-तीन दिवस वाडीशी संपर्क तुटणे ही डोंगरातली नेहमीची गोष्ट आहे. आणि घर सोडून शाळेत किंवा नातेवाइकांकडे हलावे लागते, तेव्हा पिशवीत आधी कागदपत्रे जातात, गोळ्यांची पाकिटे जातातच असे नाही.

गोळ्या घेऊनही बरेच काही उरते. बेडाक्विलिन हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकते, मॉक्सिफ्लॉक्सासिन त्यात भर घालते, म्हणून ठरावीक अंतराने ईसीजी हवा. लिनेझोलिड रक्तपेशी कमी करते आणि पायांच्या नसा बधिर करते. भातलावणीत दिवसभर चिखलात उभ्या असलेल्या माणसाला पायाला मुंग्या येणे हा आजार वाटत नाही. तो सांगत नाही, कोणी विचारत नाही, आणि लक्षात येते तेव्हा नसा कायमच्या दुखावलेल्या असतात. ईसीजीसाठी रुग्णाला तळीयेसारख्या गावातून महाडला यायचे तर एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे जाते. निक्षय पोषण योजनेतले महिन्याचे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले, हे बरे झाले. तरी ते पोषणासाठी आहेत, प्रवासासाठी नव्हेत.

औषध महाग असल्याची सबब आता चालणार नाही. बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवण्याचा मूळ कंपनीचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. क्षयातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये त्याला हरकत घेतली होती. जुन्या उपचारांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. मूळ पेटंट त्याच वर्षी जुलैत संपले, आणि आंतरराष्ट्रीय खरेदीत सहा महिन्यांच्या बेडाक्विलिनची किंमत सुमारे १३० डॉलरपर्यंत खाली आली. उपचारातला सर्वांत कठीण भाग आता गोळी विकत घेणे हा उरलेला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार भारतात क्षयाचे नवे रुग्ण २०१५ मध्ये लाखामागे २३७ होते, २०२४ मध्ये १८७. घट खरी आहे. २०२५ अखेर क्षयरोग संपवण्याची जी घोषणा होती, त्या हिशेबाने ती फारच अपुरी आहे. अशा वेळी हाती आलेले सर्वांत चांगले औषध दहा वर्षांत घालवणे परवडणार नाही, आणि इतर देशांतून बेडाक्विलिन-प्रतिकाराच्या बातम्या येऊ लागल्या आहेतच.

रायगड जिल्ह्यात दर वर्षी पावसाळ्यापूर्वी दरडप्रवण गावांची यादी काढली जाते, कोणाला कुठे हलवायचे ते ठरते. क्षयरुग्णांची यादी निक्षयवर असते. या दोन याद्या मे महिन्यात शेजारी ठेवून पाहायला अर्धा दिवस पुरेल. ज्या वाडीत बीपाल्मवरचा रुग्ण आहे तिथे चारही औषधांचा एक महिन्याचा जादा साठा जूनच्या आधी पोहोचवता येईल. चारही म्हणण्याचे कारण, नुसते बेडाक्विलिन पोहोचले आणि बाकीची अडकली तर ते न पोहोचण्याहून वाईट. रुग्ण सहा महिन्यांच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे पाहून त्याचा ईसीजी आणि रक्त मेअखेर उरकून घेता येईल, म्हणजे जुलैत त्याला घाट उतरावा लागणार नाही. स्थलांतराच्या ठिकाणी, मग ती शाळा असो की कंटेनर, खिडकी उघडी राहील अशी जागा त्याला मिळायला हवी, कारण पहिल्या काही आठवड्यांत त्याच्या खोकल्यातून इतरांना लागण होऊ शकते. आणि उपचार खरोखरच थांबवावे लागले, तर पुन्हा सुरू करण्याआधी नमुना बेडाक्विलिनच्या तपासणीला गेला पाहिजे. पूर्वीच्या गोळ्या पुढे चालू ठेवण्याची सवय इथे उपयोगाची नाही. मधल्या काळात जिवाणू तोच राहिला आहे की बदलला, हे तपासणीशिवाय कळत नाही.